पूर्णावदानातील बंदर : एक पुनर्विचार

वैशाख पौर्णिमेस नालासोपाऱ्याच्या स्तूपापाशी उपासक-उपासिका जमतात, तेव्हा तेथे पूर्णाची कथा बहुधा सांगितली जाते. शूर्पारकाचा धनाढ्य व्यापारी पूर्ण भिक्खू झाला, या नगरीत चंदनाचा विहार उभा राहिला आणि भगवंतांना त्या विहारात येण्याचे निमंत्रण गेले, एवढा तिचा सारांश असतो. ही कथा श्रद्धेने ऐकली जाते, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्यांनी 'दिव्यावदाना'तील मूळ पूर्णावदान वाचले आहे, त्यांच्या हे ध्यानात येईल की या सारांशातून कथेचा फार मोठा भाग गळून पडला आहे. आणि जो गळला आहे, तो नेमका बंदराचा आहे.

मूळ कथेची सुरुवात विहारापासून नव्हे, एका दासीपासून होते. शूर्पारकातील भव नावाचा गृहपती आजारी पडतो. त्याची पत्नी व पुत्र त्याच्याकडे पाठ फिरवितात. घरची दासी मात्र त्याची शुश्रूषा करते. बरा झाल्यावर तो तिला धन आणि दास्यमुक्ती देऊ करतो. ती उत्तर देते की, कितीही दूर गेले तरी लोक मला दासीच म्हणतील. तुमच्याशी संबंध आला तरच माझे दासीपण संपेल. मुक्तीचा कागद हाती असला तरी जन्माचा शिक्का पुसला जात नाही, हे त्या स्त्रीने अचूक ओळखले होते. तिच्याच पोटी पूर्ण जन्मतो. पुढे भावांची वाटणी होते, तेव्हा या दासीपुत्राला वारस न मानता वाट्यात टाकण्याची एक वस्तू मानले जाते. थोरला भाऊ भविल घरदार व दुकान सोडून पूर्णाला आपल्याकडे घेतो, म्हणूनच तो वाचतो.

यानंतर कथेत बंदर येते. मोळी वाहणाऱ्या एका माणसाजवळचे लाकूड गोशीर्ष चंदन आहे, हे पूर्ण पारखतो आणि ते विकत घेतो. राजाला दाहज्वर होतो, त्यावर हेच चंदन उपयोगी पडते आणि पूर्णाच्या हाती भांडवल येते. इतक्यात पाचशे व्यापाऱ्यांचे गलबत धक्क्याला लागते. शूर्पारकाच्या वणिक्संघाने आपसांत असा करार केलेला असतो की, आलेला माल कोणीही एकट्याने घेऊ नये, सर्वांनी मिळूनच घ्यावा. पूर्ण एकटाच जातो, अठरा लाख सुवर्णांचा सौदा ठरवितो, तीन लाखांचा विसार देतो आणि मालावर आपली मुद्रा उमटवून परततो. संघ त्याला साठ कार्षापणांचा दंड ठोठावतो व तो वसूल करण्यासाठी त्याला उन्हात उभे करतो. प्रकरण राजापुढे जाते, तेव्हा पूर्ण एकच प्रश्न विचारावयास लावतो : हा करार झाला त्या वेळी मला किंवा माझ्या भावाला बोलावले होते काय? व्यापाऱ्यांना 'नाही' असे म्हणावे लागते आणि राजा पूर्णाची बाजू योग्य ठरवितो.

आमच्या मते पूर्णावदानाचा गाभा या एका प्रश्नात आहे. बंदर म्हणजे केवळ खाडी, धक्का आणि गोदाम नव्हे. माल कोणी घ्यावा, भाव कोणी ठरवावा, जकात कोणी घ्यावी आणि या निर्णयाच्या वेळी कोणास बोलवावे, या नियमांचे मिळून बंदर बनते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सुप्पारा आणि कल्याण ही नावे जवळजवळ येतात. सत्ता बदलल्यावर कल्याणचा व्यापार अडविला गेला आणि तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असेही त्यात म्हटले आहे. कल्याणची खाडी होती तेथेच राहिली. नियम मात्र बदलले आणि त्यांबरोबर व्यापारही हलला.

सोपाऱ्याचे वैभव भिंतींपेक्षा दानलेखांतून अधिक स्पष्ट दिसते. नाणेघाटातील एक पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान आहे. समुद्रावरून आलेला माल घाट चढून जुन्नर-पैठणकडे जाई, त्याच वाटेवर हे पाण्याचे टाके आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धम्मुत्तरीय भाणकाचे नाव आहे. उषवदाताने शूर्पारकात धर्मशाळा बांधल्या आणि डहाणू, दमण, तापी येथील नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केली, असे नाशिकचा लेख सांगतो. ज्या वाटेने माल गेला, त्याच वाटेने धम्मही गेला. खुद्द पूर्णाने भगवंतांची वचने प्रथम ऐकली ती विहारात नव्हे, तर सातव्या समुद्रप्रवासात, गलबतावर. श्रावस्तीचे व्यापारी ती म्हणत होते आणि पूर्णाला ती गाणी वाटली होती.

याउलट बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमनाला पातित्याचे कारण ठरविले आणि मनुस्मृतीने समुद्रयात्रा करणाऱ्यास श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. एका परंपरेने समुद्र ओलांडणाऱ्याला बहिष्कृत केले, दुसऱ्या परंपरेने त्याच्याच तोंडी धम्मवचन घातले. ही तुलना आपल्या व्याख्यानांतून वारंवार केली जाते आणि ती रास्तही आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे आम्हांस धोक्याचे वाटते. कारण शूर्पारकाचा जो वणिक्संघ पूर्णाला उन्हात उभा करतो, तो याच मोकळ्या बंदरातला आहे. समुद्र खुला झाला म्हणून धक्का सर्वांना खुला होतोच असे नाही.

पूर्णावदानही दोषमुक्त नाही. ज्या मातेच्या बुद्धीवर कथा उभी आहे, तिला कथाकार नाव देत नाही. गलबत चालविणारे खलाशी, माल उतरविणारे हमाल, मोळी वाहणारा तो माणूस, हे सर्व अनामिकच राहतात. न्याय मिळविल्यावर पूर्ण तोच माल दुप्पट किमतीने विकतो, हेही ग्रंथ निःसंकोच नोंदवितो. पाली मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तात यातले काहीच नाही. तेथे सुनापरान्ताच्या उग्र लोकांत क्षमाशीलतेने जाणारा भिक्खू तेवढा भेटतो. आम्हांस दोन्ही पूर्ण हवेत. परंतु क्षमाशील पूर्णाच्या आड प्रश्न विचारणारा पूर्ण झाकला जाऊ नये.

1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकलला, तेव्हा दगडी करंडकात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे मिळाले. बंदराच्या गावातील स्तूपात भिक्षापात्र आणि नाणे शेजारी शेजारी निघावे, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. या टेकाडाला गावकरी तोवर 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. धम्माची ओळख पुसली गेली, तरी लोकस्मृतीने त्या जागी बांबूकाम करणाऱ्या जातीचा राजा बसविला होता.

सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली आणि बंदर इतिहासजमा झाले. आज त्याच किनाऱ्यावर, आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवण बंदर होत आहे. 1998 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने या बंदराला नकार दिला होता, 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अनुमती दिली. 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. सुमारे 76 हजार कोटी रुपयांचा खर्च, हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनले आणि समुद्रात भर घालून तयार होणारी सुमारे 1,448 हेक्टर जमीन, असे या योजनेचे स्वरूप आहे. देशाच्या सागरी व्यापाराला खोल पाण्याची बंदरे लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. मोठी जहाजे उथळ खाडीत येत नाहीत आणि सोपारा त्याच कारणाने संपले. पण भराव होणाऱ्या पाण्यात ज्यांची जाळी पडतात, ते मच्छीमार या बंदराला दीर्घकाळ विरोध करीत आले आहेत, हेही तितकेच खरे आहे.

अशा वेळी प्राचीन शूर्पारकाचे गौरवगीत गाऊन नव्या बंदराला आशीर्वाद देणारे लेखन वाढेल. त्यात पूर्णाचे नाव येईल, चंदनाचा विहार येईल, दासी मात्र येणार नाही. धम्मबांधवांनी हे लेखन सावधपणे वाचावे, एवढीच आमची विनंती आहे. शूर्पारकाचा वारसा सांगणाऱ्याने शूर्पारकाच्या राजसभेत विचारला गेलेला प्रश्नही सांगितला पाहिजे : करार झाला, तेव्हा यांना बोलावले होते काय? पुढच्या वैशाख पौर्णिमेस स्तूपापाशी पूर्णाची कथा सांगताना ती दासीपासून सुरू करावी, असे आम्ही सुचवितो.