राजकीय लागेबांधे आणि उद्योगसंस्थांची कामगिरी : तीन अभ्यासांची समीक्षा

प्रस्तावना

उदयोन्मुख बाजारपेठांमध्ये जमीन, परवाने, पतपुरवठा आणि शासकीय हमी यांवर राज्यसंस्थेचे मोठे नियंत्रण असते. त्यामुळे सत्ताधाऱ्यांशी असलेली जवळीक ही उद्योगसंस्थेची एक मालमत्ताच होय, असे मत अर्थशास्त्रात रूढ झाले आहे. परंतु या मालमत्तेचा लाभ संस्थेतील नेमका कोणाच्या पदरात पडतो व तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न दुय्यम राहतो. प्रस्तुत लेखात इंडोनेशिया, पाकिस्तान आणि महाराष्ट्र येथील तीन अभ्यासांचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

इंडोनेशिया : भागबाजाराची साक्ष

रेमंड फिस्मन यांचा २००१ मधील अभ्यास या विषयातील पायाभूत मानला जातो. १९९५ ते १९९७ या काळात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या प्रकृतीविषयी वेळोवेळी अफवा पसरल्या. अशा सहा प्रसंगी जकार्ता भागबाजारातील ७९ कंपन्यांच्या समभागांचे काय झाले, हे त्यांनी तपासले. सुहार्तोंशी कंपनीची जवळीक जितकी अधिक, तितकी तिच्या समभागाची घसरण अधिक, असे त्यांना आढळले.

ही पद्धत कल्पक असली तरी तिची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. भागबाजारातील किंमत ही गुंतवणूकदारांची अपेक्षा दर्शविते. कारखान्याची उत्पादकता त्यातून थेट कळत नाही. शिवाय या घसरणीत गमावलेल्या सवलतींचा वाटा किती आणि नव्या सत्ताधाऱ्यांच्या रोषाच्या भीतीचा किती, हे वेगळे करता येत नाही. लागेबांध्यांना किंमत होती एवढे सिद्ध होते. ते कामगिरी सुधारत होते, हे सिद्ध होत नाही.

पाकिस्तान : कर्ज आणि थकबाकी

असीम इजाज ख्वाजा व आतिफ मियाँ यांनी २००५ मध्ये हाच प्रश्न बँकांच्या नोंदींतून मांडला. १९९६ ते २००२ या काळातील नव्वद हजारांहून अधिक उद्योगसंस्थांच्या कर्जांचा त्यांनी अभ्यास केला आणि संचालकांची नावे निवडणुकीतील उमेदवारांच्या नावांशी ताडून पाहिली. राजकीय संबंध असलेल्या संस्थांना ४५ टक्के अधिक कर्ज मिळत होते, तर त्यांच्या थकबाकीचे प्रमाण ५० टक्क्यांनी जास्त होते. ही मेहेरनजर केवळ सरकारी बँकांकडून होती. खाजगी बँकांत ती आढळली नाही. अर्थव्यवस्थेवर पडणारा भार राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ ते १.९ टक्के इतका त्यांनी अंदाजिला.

येथे 'लाभ' आणि 'कामगिरी' यांची फारकत स्पष्ट होते. संस्थेला पैसा मिळतो, परतफेड मात्र होत नाही आणि तोटा सार्वजनिक तिजोरीच्या माथी बसतो. नातेवाईक वा हस्तकांच्या नावे चालणारे उद्योग नामसाधर्म्याच्या कसोटीतून निसटतात, ही या अभ्यासाची उणीव होय.

महाराष्ट्र : उलट दिशेचा प्रवाह

संदीप सुखटणकर यांचा २०१२ मधील अभ्यास मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे अध्यक्ष निवडणूक लढवितात, तेव्हा उसाच्या दराचे काय होते, हा त्यांचा प्रश्न आहे. राजकीय नियंत्रणाखालील कारखाने निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्यांना कमी दर देतात, असे त्यांना आढळले. कारखान्यातील पैसा प्रचाराकडे वळविला जातो, असा याचा अर्थ ते लावतात. नेता सत्तेवर आल्यास पुढे दर वाढवून मिळतो व म्हणूनच ही प्रथा टिकून राहत असावी, असेही ते सुचवितात.

सहकारी कारखान्यात शेतकरी हा सभासद, ऊस पुरवठादार आणि मतदार अशा तिन्ही नात्यांनी उभा असतो. त्याच्या दृष्टीने कारखान्याची कामगिरी म्हणजे त्याच्या हाती पडणारा दर. ताळेबंदातील नफा पाहून या संस्थेची पारख होऊ शकत नाही. भागभांडवल आणि थकहमी यांच्या रूपाने कारखान्यांना शासनाचा आधार मिळत आला आहे, ही सभासदांच्या दृष्टीने जमेची बाजू होय. पण निवडणुकीच्या वर्षीची कपात हे सभासदाने संमतीवाचून दिलेले कर्ज ठरते. अध्यक्ष पराभूत झाल्यास त्याची फेड कोण करणार? विजयी झाल्यास वाढीव दर कारखान्याच्या कार्यक्षमतेतून येतो की करदात्याच्या पैशातून? सुखटणकरांच्या मांडणीतून उद्भवणारे हे प्रश्न अधिक संशोधनाची अपेक्षा करतात.

निष्कर्ष

तिन्ही अभ्यास एकत्र वाचले असता 'राजकीय संबंधांमुळे कामगिरी सुधारते काय?' हा प्रश्नच अपुरा आहे, असे दिसते. जकार्तात भागधारक, पाकिस्तानात ठेवीदार व करदाता आणि महाराष्ट्रात ऊस उत्पादक अशा वेगवेगळ्या घटकांवर त्याचा भार पडतो. संस्था हा एकसंध घटक मानला की हा भार दृष्टीआड होतो. ग्रामीण महाविद्यालयांतील वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांच्या परिसरातच अनेक कारखाने आहेत. त्यांचे वार्षिक अहवाल, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि हंगामनिहाय ऊसदर निवडणूक वर्षांशी ताडून पाहिल्यास सभासदाच्या बाजूने हा हिशेब मांडता येईल.