पशुवैद्यकातील संगणकीय नोंद : एक भाषिक परीक्षण

पशुवैद्यकाच्या दवाखान्यात वहीच्या जागी आता संगणक किंवा मोबाइल आला आहे आणि त्याबरोबर एक नवा लेखनप्रकारही आला आहे. त्याचे गुणगान पुष्कळ झाले. नोंद हरवत नाही, हवी तेव्हा सापडते, एका तालुक्यात केलेली नोंद दुसऱ्या तालुक्यात वाचता येते, हे सारे खरे असून त्याविषयी वाद नाही. परंतु नोंद हे अखेर लेखनच होय. ते कोणी, कोणासाठी व कोणत्या शब्दांत केले आहे, हा प्रश्न इतर कोणत्याही लेखनाप्रमाणे त्यालाही विचारावयास हवा. (अशा लेखांचा आरंभ शालिहोत्रापासून करण्याची आपल्याकडे रूढी आहे. प्रस्तुत विषयाला तिचा उपयोग नसल्यामुळे ती येथे पाळलेली नाही.)

रुग्णनोंदीच्या आजच्या घडणीवर अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांचा मोठा ठसा आहे. नोंद रोग्याच्या एकेका अडचणीभोवती बांधली जावी, हे मत त्यांनी १९६८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील आपल्या लेखांत आग्रहाने मांडले. या पद्धतीत नोंदीचे चार भाग पडतात : रोग्याने सांगितलेले, वैद्याला आढळलेले, त्यावरून ठरविलेले आणि पुढे करावयाचे. माणसाच्या वैद्यकातून ही चौकट पशुवैद्यकाने उचलली. उचलताना तिच्या पहिल्या भागाचे स्वरूप मात्र मुळापासून पालटले. जनावर बोलत नाही. त्याच्या वतीने जे सांगितले जाते ते धन्याचे बोल असतात, म्हणजे ती रोग्याची तक्रार नसून साक्षीदाराची साक्ष असते. गोठ्यातील गाय बारा महिने ज्याच्या नजरेखाली वावरते त्याची ही साक्ष. वैद्य तिला पाहतो तो दहा-पंधरा मिनिटे. पशुवैद्यकात पहिल्या रकान्याचे मोल यामुळे कमी न होता वाढते. नेमका तोच रकाना संगणकीय नोंदीत आक्रसत चालला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

उदाहरणच घ्यावयाचे तर 'खात नाही' या तक्रारीचे घेता येईल. पशुपालक सहसा एवढेच सांगून थांबत नाही. एक म्हणतो, "चाऱ्याला तोंडच लावत नाही." दुसरा म्हणतो, "हुंगते, पुढे होते, पण घास तोंडात घेत नाही." तिसरा म्हणतो, "घास घेते, चावते आणि टाकून देते." चौथा सांगतो, "वैरण खाते, पण पेंड सोडली." ही चार वाक्ये चार दिशा दाखवितात. पहिल्यात भूकच मेलेली आहे. दुसऱ्यात भूक असून तोंड दुखत असण्याचा संभव आहे, आणि लाळ गळत असेल तर वैद्याचे लक्ष प्रथम लाळ्या-खुरकुताकडे जावे. तिसरे वाक्य दात, जीभ किंवा तोंडात अडकलेली वस्तू यांकडे बोट दाखविते. ताज्या व्यालेल्या दुधाळ गाईविषयी चौथे वाक्य ऐकले की जाणता पशुवैद्य कीटोसिसची शंका घेतो, कारण त्या विकारात जनावर खुराक आधी सोडते व वैरण मागाहून. यादीतून निवडावयाच्या नोंदीत या चारही वाक्यांचे एकच होते : 'भूक मंदावणे'. ही नोंद खोटी नव्हे. ती इतकी खरी आहे की तिचा उपयोग उरत नाही.

प्रजननाच्या बाबतीत गोठ्यातील मराठी याहूनही काटेकोर आहे. 'गाय तीनदा उलटली' या तीन शब्दांत रेतन तीन वेळा झाले, गर्भ एकदाही राहिला नाही व गाय पुन्हा माजावर आली, एवढा इतिहास सामावलेला असतो. दर वेळी एकवीस दिवसांच्या सुमारास उलटली की त्याहून उशिरा, हे विचारले असता पशुपालक बहुधा सांगू शकतो, आणि कारणाचा शोध त्या उत्तरावरच अवलंबून असतो. उन्हाळ्यातील म्हशीचा 'मुका माज', 'पान्हा चोरणे', 'वार अडकणे' हे शब्द कोणा परिभाषा-समितीने घडविलेले नाहीत. ते रोजच्या निरीक्षणातून सिद्ध झालेले आहेत.

आता आपल्याकडील व्यवस्थेकडे वळू. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विकसित केलेल्या 'इनाफ' या प्रणालीत व तिच्या पुढील 'भारत पशुधन' या योजनेत जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ला हा सर्व नोंदींचा आधार आहे. त्या अंकाखाली जात, धनी, लस, रेतन, गर्भतपासणी, वीत, उपचार यांची नोंद होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील पशुधन सुमारे ५३ कोटी ५८ लक्ष भरले. एवढ्या मोठ्या संख्येला ओळख देण्याचा हा उद्योग लहान नाही, आणि त्याची थट्टा करणे सोपे असले तरी न्याय्य नाही. तथापि या नोंदीचा मनातला वाचक कोण, हे तिच्या घडणीवरून कळते. किती लसी दिल्या, किती रेतने झाली, किती वासरे जन्मली, हे विचारणारा तो वाचक आहे. उद्या त्याच गाईवर उपचार करावयास येणारा दुसरा पशुवैद्य हा दुय्यम वाचक होय, आणि धनी तर वाचकांत जवळजवळ धरलेलाच नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली असे ठरविले की, त्या वर्षीच्या १ जूनपासून बिल्ला नसलेल्या जनावरास शासकीय दवाखान्यातील सेवा मिळू नये. उपचारासाठी नोंद हा क्रम अशा रीतीने उलटून नोंदीसाठी उपचार असा झाला. साथ आवरण्याच्या दृष्टीने या आदेशामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु ज्याला नोंद सक्तीची केली त्याला ती वाचावयासही मिळाली पाहिजे, हे त्याबरोबरच मान्य करणे प्राप्त होते. बाजारात गाय विकत घेणाऱ्याला ती तीनदा उलटली आहे हे विकणारा सांगत नाही. बिल्ल्याखालील नोंद सांगू शकेल, पण ती ज्याच्यापुढे उघडावयास हवी तो दावे हातात धरून उभा असतो.

यादीतून निवडण्याच्या पद्धतीत आणखी एक उणीव आहे. जो रोग यादीत नाही तो तिला दिसत नाही. लम्पी त्वचारोग भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात नोंदला गेला व २०२२ मध्ये त्याने गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र येथे हाहाकार उडविला. आज यादीत त्याला घर आहे. पण कोणताही नवा रोग आपल्या पहिल्या दिवसांत 'इतर' या रकान्यातच जाऊन पडणार, आणि तेव्हा 'अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले' हे धन्याचे वाक्य कोठे लिहून ठेवलेले असेल तर तेच कामास येणार.

याचा एक बोलका दाखला ब्रिटनमध्ये मिळतो. लिव्हरपूल विद्यापीठाच्या 'सॅव्हस्नेट' या उपक्रमात दवाखान्यांतील नोंदी एकत्र येतात व प्रत्येक तपासणीअखेर पशुवैद्य मुख्य तक्रारीचा वर्ग निवडतो. २०२० च्या जानेवारीत कुत्र्यांमध्ये तीव्र उलट्यांचे प्रमाण वाढल्याची शंका प्रथम आली ती यंत्राला नव्हे, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या एका पशुवैद्याला. त्याने ती कळविल्यावर संशोधकांनी नोंदी तपासल्या. पोटाच्या तक्रारी आणि उलटीवरील मारोपिटंट या औषधाचा वापर, दोन्ही वाढलेले आढळले. पुढे त्याचा संबंध कुत्र्यांच्या आतड्यातील एका करोनाविषाणूशी जोडला गेला. येथे संगणकीय नोंदीने शंकेचे प्रमाणात रूपांतर केले, हे तिचे खरे सामर्थ्य होय. शंका मात्र माणसाने घेतली, कारण त्याच्या कानावर रोज तीच हकीकत पडत होती.

मोजदादीची बाजू येथे पूर्ण मांडली नाही तर हे परीक्षण एकांगी होईल. बुळकांडी भारतातून गेल्याचे २००६ मध्ये व जगातून गेल्याचे २०११ मध्ये मान्य झाले. रोग नाही हे सिद्ध करणे रोग आहे हे सिद्ध करण्याहून कठीण असते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे कंटाळवाण्या, एकसारख्या, शब्दांचा फुलोरा नसलेल्या नोंदी कराव्या लागतात. त्या कामी धन्याची हकीकत पुरी पडत नाही.

याउलट नोंद मुळीच नसली तर काय घडते, हे गिधाडांनी दाखविले. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गुराढोरांना सर्रास दिले जात होते आणि त्यांची कलेवरे खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांना पाकिस्तानात पशुवैद्यांकडे व औषधविक्रेत्यांकडे जाऊन गुरांना कोणती औषधे दिली जातात हे विचारावे लागले. भारतात पशूंसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्याने २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. कोणत्या गाईला कोणते औषध किती दिले, एवढी साधी नोंद असती तर हा शोध कितीतरी आधी लागता. औषधाच्या नावाला आणि मात्रेला यादी हीच योग्य जागा आहे, याबद्दल आमचा मतभेद नाही.

मतभेद धन्याच्या वाक्यापुरता आहे. ते वाक्य संदिग्ध असते, गावोगाव बदलते, कधी खोटेही असते आणि त्याची बेरीज करता येत नाही, असे त्यावर आक्षेप घेतले जातात. पहिले तीन कबूल. चौथ्याला उत्तर मिळू लागले आहे. २०२३ मध्ये लिव्हरपूलच्याच संशोधकांनी 'पेटबर्ट' नावाचे भाषाप्रारूप पशुवैद्यांच्या मुक्त टिपणांवर घडविले. त्यातील शब्दसंख्या ५० कोटींहून अधिक होती. टिपणात काय म्हटले आहे ते ओळखून यंत्र स्वतः रोगवर्ग ठरविते. म्हणजे माणसाने आपले बोलणे यादीत कोंबावयाचे की यंत्राने माणसाचे बोलणे शिकावयाचे, हा पर्याय आता खुला आहे. मात्र ती टिपणे इंग्रजीत आहेत, आणि ती होती म्हणूनच हे साधले. मराठीत जे लिहिलेच जात नाही ते कोणते यंत्र शिकणार?

एक करता येण्यासारखे आहे. उपचाराच्या प्रत्येक नोंदीत धन्याचे एक वाक्य, त्याच्याच बोलीत, बदल न करता उतरवून ठेवावे. मोबाइलवर ते बोलून घेण्यास अर्धा मिनिट पुरेल. त्याजोडीला भाषाविभागांनी पशुवैद्यक महाविद्यालयांच्या साह्याने गोठ्यातील रोगशब्दांचा जिल्हावार संग्रह करावा. एकट्या लाळ्या-खुरकुताला तोंडखुरी, पायखुरी अशी निरनिराळी नावे आहेत. ती एकाच अर्थाने वापरली जातात, की तोंड आले की खूर, यावरून ती बदलतात, हे ठिकठिकाणी विचारून ठरवावयाचे आहे. आरंभ या एका रोगापासून करता येईल.