ब्याण्णव टक्के म्हणजे काय?

जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६. खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे, हे या आकड्याने ठसवले. निबंधाचे हे श्रेय निर्विवाद आहे. पण ‘मला तसला आजार तर झाला नसेल?’ या शंकेने झुरणाऱ्या व्यक्तीने तो वाचला, तर तिच्या हाती काय लागेल?

निबंधातलाच दुसरा आकडा घ्या. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के, म्हणजे सुमारे ३५७. रोग आढळलेल्या ५९८. तक्रार असलेल्या प्रत्येकीला रोग होता असे धरले, तरी उरलेल्या निदान २४० जणींना काहीही त्रास नसताना रोग होता. नववीच्या विद्यार्थ्यालाही जमेल अशी ही वजाबाकी माझ्या मते या निबंधातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ‘त्रास नाही, म्हणजे आजार नाही’ हा आपला नेहमीचा आधार इथे कोसळतो.

आता दोष. ९२ टक्के हा आकडा नाना तऱ्हेचे रोग एकाच पोत्यात भरतो. जननमार्गातील जंतुसंसर्गाचा वाटा एकूण रोगांत निम्माच होता, असे निबंधच सांगतो. शिवाय असा प्रत्येक संसर्ग शरीरसंबंधातून येत नाही. कँडिडा या बुरशीचा संसर्ग सहसा तसा नसतो; ट्रायकोमोनास मात्र तसाच पसरतो. दोन्हींत अंगावरून पांढरे जाऊ शकते. हा भेद न करता आकडा तोंडी फिरला, की पांढरे जाणाऱ्या बाईच्या चारित्र्यावर किंवा तिच्या नवऱ्यावर बोट रोखले जाते. शीर्षकात ‘ग्रामीण भारतीय स्त्रिया’ म्हटले आहे. दोन खेड्यांसाठी ते फार ऐसपैस आहे.

शंकेचे काय करायचे, हे सांगणे अशा पाहणीचे काम नव्हे. ते वर्गात आपल्याला करता येईल. लक्षणांवरून ठरवता येत नाही, म्हणून तपासणी हवी. पण तपासणीचीही भाषा शिकावी लागते. एचआयव्हीचा संसर्ग नुकताच झाला असेल, तर पहिले काही आठवडे चाचणी ‘नाही’ असे म्हणू शकते. म्हणून समुपदेशक ठरावीक काळाने पुन्हा बोलावतात. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल चाचणी इतर काही आजारांतही ‘आहे’ म्हणू शकते. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने पडताळा घेतात. आणि संसर्ग आहे हे नक्की ठरले, तरी तो कधी व कोणाकडून आला, हे चाचणी सहसा सांगत नाही. घरात भांडण पेटण्यापूर्वी एवढे ठाऊक असले, तर कितीतरी संसार वाचतील.

वाट पाहण्याचे दिवस कठीण असतात. त्या दिवसांत मनाने निकाल लावू नये, दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत, निकाल येईपर्यंत जोडीदाराला धोका होईल असे वागू नये आणि एका तरी विश्वासू माणसाशी बोलावे. एचआयव्हीची तपासणी शासकीय केंद्रांत मोफत होते. २०१७ च्या कायद्याने तिच्यासाठी संमती आवश्यक केली आणि गुप्ततेचे संरक्षण दिले.

निबंधातला शेवटचा आकडा आहे ८ टक्के. पूर्वी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया एवढ्याच होत्या, सुमारे ५२. आमच्या बोरगाव मेघेहून सेवाग्राम आणि सावंगी येथील मोठी रुग्णालये जवळच आहेत. तरीही ‘गुप्तरोग’ या शब्दातले ‘गुप्त’ जोवर लाजेचे आहे, तोवर ते अंतर कापणे अवघडच. ९२ चा आकडा फळ्यावर लिहाल, तेव्हा त्याच्याशेजारी हा ८ चाही लिहा.