दोन नवीं गाणीं : ठेका आणि चरण

२०२४ सालीं मराठी गाण्याच्या बाबतींत अशा दोन गोष्टी घडल्या कीं, त्यांची नोंद वाङ्मयाच्या अभ्यासकानेंही घेणें अवश्य आहे. क्रेटेक्स या नांवानें प्रसिद्ध असलेले कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचें ‘तांबडी चामडी’ हें गाणें नेदरलंडांतील स्पिनिन रेकॉर्ड्स या संस्थेनें प्रसिद्ध केलें. यंत्रावर रचलेल्या नृत्यसंगीताच्या व्यवसायांत या संस्थेचें नांव मोठें आहे. त्याच वर्षीं जळगांव जिल्ह्यांतून पुढें आलेले गीतकार व गायक संजू राठोड यांचें ‘गुलाबी साडी’ हें गाणें देशभर गाजलें आणि त्याचें चित्र न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील फलकावर झळकलें. या गाण्याची संगीतयोजना जी-स्पार्क यांची आहे. दोन्ही गाणीं कोणत्याही चित्रपटांतलीं नव्हेत, तीं कोणा जुन्या घराण्याच्या आश्रयानें वाढलेलीं नाहींत आणि तीं ऐकावयास कोणास तिकीट काढावें लागलें नाहीं. लोकांनीं नाचून आपला निकाल दिला आहे. ज्यांनीं लिहून निकाल द्यावयाचा, ते आम्ही मात्र अद्याप नाकाला रुमाल लावून बाजूला उभे आहों.

प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य पोलादपुरास आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरचें, सावित्रीच्या कांठचें हें लहानसें गांव. ‘शिवभारता’चे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधि येथें आहे आणि महाबळेश्वरास जाणारा आंबेनळी घाट येथूनच चढावयास लागतो. चहूंकडे डोंगर असल्यामुळें मंद्र ध्वनि येथें फार घुमतो. लग्नसराईंत हळदीच्या रात्रीं मोठमोठे कर्णे लागले म्हणजे फडताळांतील भांडीं थरथरतात. शब्द पोहोंचत नाहींत, पोहोंचतो तो केवळ ठेका. अशा रीतीनें हीं गाणीं मीं इच्छेविरुद्ध ऐकलीं, आणि इच्छेविरुद्ध ऐकलेल्या गोष्टीविषयीं मनुष्याचें जें मत होतें तेंच माझें झालें. पुढें वर्गांत काव्यलक्षण शिकवीत असतांना ‘अर्थहीन शब्दांचा गोंगाट’ याचें उदाहरण म्हणून मीं त्यांचा उल्लेख केला. तेव्हां मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहून शांतपणें म्हणाला, “सर, खालूबाजाला तरी कुठं शब्द असतात?”

घाटावरील वाचकांकरितां सांगितलें पाहिजे कीं, सनई, ढोल आणि टिमकी यांचा मिळून आमच्या कोंकणांतला खालूबाजा होतो आणि शिमग्यांत देवाची पालखी त्याच्याच तालावर नाचते. त्या मुलाचे वडील खालूबाजांत ढोल वाजवितात, हें मला मागाहून कळलें. त्या वेळीं मजजवळ उत्तर नव्हतें. खालूबाजास मी लहानपणापासून कला म्हणत आलों आहें. त्यांत अर्थ नाहीं अशी तक्रार मीं कधीं केली नाहीं. मग जी कसोटी मी ढोलास लावीत नाहीं, ती या गाण्यांस कां लावतों? घरीं येऊन मीं दोन्ही गाणीं दार लावून, शब्द कागदावर उतरून घेत पुनःपुन्हां ऐकलीं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नास उशिरां दिलेलें उत्तर होय.

‘तांबडी चामडी’ ज्या प्रकारांत मोडतें त्या संगीतास ‘हाऊस’ म्हणतात. अमेरिकेंतील शिकागो शहरांत ‘वेअरहाऊस’ नांवाचें एक नृत्यगृह होतें. १९८० च्या सुमारास तेथें फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय वादक तबकड्या एकींत एक मिसळून रात्रभर लोकांस नाचवीत असे. त्या गृहाच्या नांवावरून या संगीतास नांव पडलें. त्याची मांडणी सोपी आहे. चार मात्रांचें आवर्तन, प्रत्येक मात्रेवर सारख्या वजनाचा एक जड आघात, आणि मिनिटास सुमारें १२० ते १३० आघात. हा आघात मध्येंच काढून घेतात. श्रोत्याचे पाय अधांतरीं राहतात. थोड्या आवर्तनांनंतर तोच आघात परत येतो आणि सारी गर्दी एकदम जमिनीवर उतरते. तिहाई संपून सम येते त्या क्षणीं आपल्या मैफलींत ज्या माना हलतात, त्यांच्याशीं या आनंदाचें नातें जवळचें आहे. तेव्हां या गाण्यांत वाढ नाहीं असें नव्हे. ती शब्दांत नसून नादाच्या थरांत आहे, आणि जो ती शब्दांत शोधील त्याच्या हातीं कांहींच लागणार नाहीं.

परंतु शब्द आहेत, आणि ते मराठी आहेत. त्यांचें काय होतें हा खरा वाङ्मयीन प्रश्न. आपल्या छंदःशास्त्राप्रमाणें ‘तांबडी’ हा शब्द गुरु-लघु-गुरु, म्हणजे ‘र’ गण. ‘चामडी’ हाही ‘र’ गणच. असे दोन गण एकापुढें एक ठेवले कीं स्रग्विणी वृत्ताचा अर्धा चरण तयार होतो! गीतकारास हें ठाऊक असो वा नसो, त्याच्या कानास तें ठाऊक आहे. मात्र येथें एक अडचण उपस्थित होते. ‘र’ गणाच्या मात्रा पांच, आणि ठेका तर चारांचा. तो बसावा कसा? तो बसतो याचें कारण असें कीं, कोणीही मराठी माणूस बोलतांना मधल्या ‘ब’चा किंवा ‘म’चा पूर्ण उच्चार करीत नाहीं. तो ‘तांब्‌डी’ म्हणतो, ‘चाम्‌डी’ म्हणतो. कागदावर जे तीन अक्षरांचे शब्द, ते जिभेवर दोन-दोन गुरूंचे झाले. पांचांच्या चार मात्रा झाल्या, आणि शब्द ठेक्यावर नेमका पडला.

ही बाब क्षुल्लक वाटेल; मला ती तशी वाटत नाहीं. माधव ज्यूलियन यांनीं ‘छंदोरचने’त मराठी पद्याचे वृत्त, जाति आणि छंद असे तीन वर्ग केले. या तिन्ही वर्गांत मोजलें जातें तें लिहिलेलें अक्षर. आपले भावगीत-गायकही लेखनाशीं इमान राखून गातात. बोलतांना लोपलेला ‘अ’ ते गातांना पुनः जिवंत करितात, आणि त्यामुळें मराठी भाषा गाण्यांत नेहमीं थोडी सोवळ्यांत असल्यासारखी वाटते. या नव्या गीतकारांनीं लिहिलेली मराठी बाजूस ठेवून बोललेली मराठी मोजली. बोलीतले जोड आघात त्यांनीं तबल्याच्या बोलांसारखे वापरले. वामनपंडितांस ‘यमक्या वामन’ म्हणून गौरविणाऱ्या आणि मोरोपंतांचे अनुप्रास पाठ करणाऱ्या समाजानें ‘तांबडी चामडी’ या जोडीस केवळ पोरकटपणा म्हणणें शोभणारें नाहीं. नादाकरितां शब्द निवडणें हा जर गुन्हा असेल, तर त्यांत आमचे पंतकवि पहिले आरोपी ठरतील.

‘गुलाबी साडी’ची जात निराळी आहे. ‘गुलाबी’ हा शब्द ‘य’ गण, म्हणजे भुजंगप्रयाताचा घटक. आणि भुजंगप्रयात म्हटलें कीं ‘मनाचे श्लोक’ आठवतात. समर्थांनीं ‘दासबोध’ जेथें सांगितला असें परंपरा मानते, ती शिवथरघळ आमच्या शेजारीं, महाड तालुक्यांतच आहे. ज्या चालीवर मनास उपदेश झाला, तिच्याच पहिल्या पावलावर ही साडी नेसलेली नायिका रंगभूमीवर येते, हा योगायोग मला गमतीचा वाटला. गाण्याचा विषय एवढाच कीं, नटलेली नायिका आपल्या प्रियकरास छायाचित्र काढावयास सांगते. गीतकार पुरुष, बोलणारी स्त्री, आणि बोलणें सारें आपल्या साजशृंगाराविषयीं : ही योजना रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावणीची आहे. फरक इतकाच कीं लावणींतील नायिकेस प्रियकराची दृष्टि पुरत असे. आजच्या नायिकेस त्या दृष्टीची प्रत काढून ती जगास दाखवावयाची आहे. आपल्या काळाचें हें एक मार्मिक निरीक्षण आहे, आणि तें नीतिपाठाचा आव न आणतां केलें आहे म्हणून अधिकच खरें आहे.

आतां दोष. यंत्रामुळें गाणें आंखूड झालें, ही सामान्य तक्रार मला मान्य नाहीं. जी. एन. जोशी यांनीं १९३२ सालीं ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता तबकडीवर गायिली आणि मराठी भावगीताचा संसार सुरू झाला. त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचेंच ध्वनिमुद्रण मावत असे. तासभर चालणाऱ्या ख्यालापुढें तीन मिनिटें म्हणजे कांहींच नव्हेत. परंतु त्या अडचणींतच चरणाचें गाठोडें घट्ट बांधावयास कवि आणि गायक शिकले. आजची मर्यादा त्याहून कडक आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींत जेवढें मावेल तेवढेंच गाणें लोकांपर्यंत पोहोंचतें. मर्यादा हा दोष नव्हे. दोष आहे तो मर्यादेस शरण जाण्यांत. या दोन्ही गाण्यांचा मुखडा चोख आहे, पण अंतरा मुखड्याची वाट पाहत कसाबसा वेळ काढतो. भावगीतांत दुसरा चरण पहिल्यास पुढें नेतो किंवा त्यास उलटें वळण देतो. येथें तो केवळ पहिला पुनः येण्यापुरता मधला काळ भरतो.

उन्हांत चमकणारी तांबूस कातडी हें चित्र पहिल्यानें कानीं पडलें तेव्हां मला चैत्र-वैशाखांत उतारावर राब भाजणारीं आमच्या वाड्यांतलीं माणसें दिसलीं. त्या दोन शब्दांत एवढें सामर्थ्य आहे. परंतु ही कातडी कोणाची, ती उन्हांत कां आली, हा प्रश्न गाण्यास पडत नाहीं. दार उघडतें, आणि आंत न जातां गाणें उंबऱ्यावरच नाचत राहतें. ‘गुलाबी साडी’तही छायाचित्र निघाल्यावर त्या नायिकेस काय वाटलें, हें आपणांस कळत नाहीं. नाचणाऱ्यांस हें कळण्याची जरूर नाहीं, असें कोणी म्हणेल. खालूबाजापुरतें मी तें मान्य करीन, कारण ढोल कोणतेंही वचन देत नाहीं. शब्दाची गोष्ट वेगळी. शब्द उच्चारला कीं अर्थाचें वचन दिलें गेलें; तें नादानें अर्धें फेडतां येतें, पुरें नव्हे.

दुसरा दोष ठेक्याचा. यंत्राचा आघात कधीं चुकत नाहीं, हेंच त्याचें उणें आहे. खालूबाजाचा ढोलिया नाचणाऱ्यांचे पाय पाहून लय चढवितो आणि पालखी खांद्यांस जड झाली असें दिसलें कीं लय थोपवितो. तबकड्या लावणाराही गर्दी पाहूनच गाणें निवडतो, हें मी विसरलों नाहीं. पण निवडलेल्या गाण्यांतला आघात कोणाचाही पाय पाहत नाहीं. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस हल्लीं हळदीचीं बोलावणीं कमी येतात. त्याचा दोष या दोन गाण्यांवर ढकलणें अन्यायाचें होईल. कर्णे त्यांच्या आधींपासूनच भाड्यानें मिळत होते. पण ज्यांनीं बोललेल्या मराठीचा ठेका जगास ऐकविला, त्यांनींच वाजविलेल्या मराठीचा ठेका ऐकावयास एकदां शिमग्यांत सावित्रीच्या खोऱ्यांत यावें, अशी माझी विनंती आहे. त्यांच्या यंत्रास नवा श्वास मिळेल, आणि आमच्या ढोलियास कदाचित् नवें बोलावणें.

तेव्हां निकाल असा. ‘तांबडी चामडी’ हें नृत्याचें गाणें म्हणून उत्तम आहे आणि मराठी उच्चाराच्या इतिहासांत त्याची नोंद राहील. ‘गुलाबी साडी’ हें गीत म्हणून त्याहून सरस आहे, कारण त्यांत एक मनुष्य बोलतें. दोन्ही अपुरीं आहेत, आणि तीं अपुरीं वाटतात हेंच त्यांच्या गुणांचें गमक मानावें. सर्वस्वीं टाकाऊ वस्तूविषयीं अपुरेपणाची हळहळ होत नाहीं. वर्गांत काढलेले ते उद्गार मीं दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत मागें घेतले. आतां मुलांस मी ‘र’ गण शिकवितों तेव्हां फळ्यावर पहिलें उदाहरण हेंच लिहितों. मुलें हसतात, पण गण विसरत नाहींत. दुसरा चरण लिहिणारा कवि त्यांच्यांतूनच निघावा, एवढीच इच्छा आहे.