नाट्यात्म प्रसंग आणि वाचकाचे स्थान

कादंबरीतील प्रसंगाची नाट्यात्मता घटनेच्या भीषणतेवर अवलंबून असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. दोस्तोयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) मधील खुनाचे प्रकरण या गृहीतकाला छेद देते. तेथे कुऱ्हाडीचे घाव थोडक्यात येतात. ताण शिगेला पोचतो तो दोन्ही हत्या झाल्यानंतर. बाहेर आलेला माणूस घंटा वाजवतो, दार हिसडतो. आत उभ्या रास्कोल्निकोव्हची नजर हादरणाऱ्या कडीवर खिळते. झेरार झेनेतच्या (१९७२) परिभाषेत हे ‘दृश्य’ होय : कथनाचा काळ आणि घटनेचा काळ येथे जवळजवळ समान होतात. परंतु केवळ कालगतीने या ताणाचा उलगडा होत नाही. बाहेरची माणसे खुन्याला जेवढी ऐकू येतात, तेवढीच वाचकाला कळतात. परिणामी, कडी टिकावी असे वाचकालाही क्षणभर वाटते.

या कादंबरीचा आरंभीचा मसुदा प्रथमपुरुषी कबुलीजबाबाचा होता. तो तसाच राहता, तर खुनी स्वतःची बाजू मांडतो आहे हे भान वाचकाला सतत राहिले असते. तृतीयपुरुषी, पण खुन्याच्या जाणिवेशी बांधलेल्या निवेदनाने ते अंतर पुसले. म्हणून दाराआडचे हे क्षण उत्कंठावर्धनाची निव्वळ क्लृप्ती ठरत नाहीत. शिक्षेची दीर्घ कहाणी सुरू होण्यापूर्वीच वाचक गुन्ह्यात सहभागी झालेला असतो. पुढील न्यायनिवाड्यात त्याला तटस्थ राहता येत नाही. तंत्र आणि नैतिक आशय यांची वेगवेगळ्या दालनांत चर्चा करणारी समीक्षा नेमका हाच दुवा गमावते.