कोवळ्या मांसाचे सौंदर्यशास्त्र

स्टेक कोवळा हवा असेल तर तुकडा चांगला निवडा, हे त्या पाककृतीतले पहिले वाक्य. मुंबईचा खाटीक ज्याला अंडरकट म्हणतो, तो कण्याच्या आतल्या बाजूचा तुकडा घ्यावा. तो कोरडा पुसून मीठ लावावे, तवा चांगला तापवून दोन्ही बाजू दोन-तीन मिनिटे भाजाव्यात, पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि धाग्याला आडवा कापावा. कृती बरोबर आहे. म्हशीच्या मांसाचा स्टेक मी घरी असाच करतो. माझा प्रश्न आहे तो ‘निवडा’ या शब्दाविषयी.

जनावराचा जो स्नायू कमी राबतो तो कोवळा असतो. पाय, मान, खांदा आयुष्यभर राबतात. त्यांत चिवट तंतू वाढतात. ते भराभर भाजून मऊ होत नाहीत. पाण्यात, मंद आचेवर, दोन-तीन तास शिजवले की विरघळतात आणि रस्सा दाट होतो. ज्याला निवडीचा अधिकार आहे त्याने तवा तापवावा. ज्याच्या वाट्याला नांगर ओढून म्हातारा झालेला, मेलेला बैल आला, त्याला चूल रात्रभर धुमसत ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. पाकशास्त्र म्हणून दुसरी विद्या पहिलीपेक्षा कमी नाही, उलट अवघडच आहे.

पण ही विद्या मराठी पाकपुस्तकांत आली नाही. मी वाचलेल्या पुस्तकांत मटणाला, मासळीला, अंड्याला जागा आहे. मोठ्याच्या मटणाला नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाचे मोल म्हणूनच मोठे आहे. जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातल्या ‘पूर्ण’ला त्यांनी शीर्षकातच ‘अपूर्ण’ केले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरांतले, तेलतूप नसलेले जेवण त्यांनी लिहून ठेवले. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या तिथे सन्मानाने नोंदल्या गेल्या. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही आले. आता धोका वेगळा आहे: ज्यांनी ही चव कधी सोसली नाही, ते तिला नवलाईचा पदार्थ म्हणून वाचतील.

आपल्यातलेच काही विचारतात, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस सोडा म्हणून सांगितले, मग हे उकरून कशाला? उत्तर सरळ आहे. बाबासाहेबांनी नाकारली ती मेलेले जनावर ओढण्याच्या सक्तीशी बांधलेली लाचारी. तिचा इतिहास पुसायला त्यांनी सांगितले नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना त्यांनी गोमांसाचा प्रश्न मध्यभागी ठेवला. त्यांनी जे अभ्यासले ते आपण लपवावे, हा कुठला न्याय?

आणि निवडीचा प्रश्न मिटलेलाही नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी आली. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले. कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. म्हणजे घरात काय शिजते याची चौकशी शेजारीच करतो असे नाही, राज्यही करते. अशा वेळी ‘चांगला तुकडा निवडा’ हे वाक्य निरागस राहत नाही.

आपल्या समीक्षेने कथा-कवितेतली भूक पुष्कळ तपासली. चुलीवरचे ज्ञान तपासायचे राहिले. कोणता तुकडा किती वेळ शिजवायचा, चान्या कोणत्या उन्हात वाळवायच्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्या आया-आज्या थकत चालल्या आहेत. त्यांच्याकडून ते नावानिशी लिहून घ्या. त्यांचे हे शास्त्र आहे, आणि शास्त्राला कर्ता असतो.