दिवाळी अंक आणि वाचकांची चर्चा

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी नाताळ अंकांचा नमुना त्यांच्यापुढे होता. परंतु व्यापाऱ्याची वही बदलण्याच्या या वर्षअखेरीस अंकाभोवती जमणारी चर्चा अस्सल मराठी होय. 'वाचणे' हे क्रियापद संस्कृत 'वाचयति', म्हणजे 'बोलावयास लावतो', यापासून आलेले आहे, हे येथे ध्यानी घ्यावे. नागोठणे-रोहे लोहमार्गावरील निडीसारख्या गावी एकच अंक चार घरे फिरतो, तो वादासहित. समीक्षकांचे वार्षिक आढावे मात्र संपादक आणि लेखक यांचीच मोजदाद करतात. कोणती कथा खटकली, कोणती पुन्हा मागून नेली गेली, याची नोंद त्यांत क्वचितच आढळते. आणि वाङ्मयेतिहास पुढे याच आढाव्यांच्या आधारे लिहिला जातो.